एकविसावा खांदा

गोडदेव, भाईंदर पूर्व
१० फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप लवूदादास,
धाकट्या बहिणीचा नमस्कार. आधी चहा पिऊन घे आणि मग वाच, नाहीतर सांडशील.

आपण निवडणुकीला उभे राहिलोय! आपण म्हणजे मी, ममता, आशा आणि गोडदेवातल्या आपल्या गावच्या बायका, अकरा जणी. महानगरपालिकेला नाही रे. देठला.

फोनवर तुला ऐकू येत नाही, मी ओरडले तर शेजारी दार वाजवतात, म्हणून लिहिते. आंबे पोचवणाऱ्या शिवाच्या गाडीत रिकाम्या पेट्यांबरोबर पत्र येईल. उत्तर त्याच्याकडेच दे. माझी शाळा चौथी, त्यात तिसरी दोनदा. शुद्धलेखन बघत बसू नकोस, मजकूर बघ.

देठ तुला माहीत आहे, आंब्याच्या पेट्यांची ती फोनमधली वही. पेटीवर ठिपक्यांचा चौकोन चिकटवतो, गिऱ्हाईक त्यावर फोन धरतं आणि त्याला दिसतं, हा आंबा कातळवाडीच्या लवूच्या कलमाचा, अमक्या दिवशी उतरवला, आनंदीने भाईंदरला विकला. गिऱ्हाइकाने खरा म्हटला की तुझ्या नावावर एक मोहोर चढतो. झाडावरचा नाही, फोनमधला. तीन वर्षांत तुझे चारशे बारा झाले, माझे शहाण्णव. पण ही सगळी वही लिहितं कोण? मला वाटायचं कुठेतरी मोठं ऑफिस असेल, एसी असेल, साहेब असेल. साहेबच नाही दादा! एकवीस जण आहेत. ज्यांच्याकडे मोहोर ते मत देतात, ज्यांना जास्त मतं ते वरचे एकवीस, आणि ते एकवीस आपापल्या कॉम्प्युटरवर पाळीपाळीने वही लिहितात. एकाने लिहिलं की बाकीचे वीस तपासतात. याला ब्लॉकचेन म्हणतात. एक पान झालं की त्याला पुढचं पान जोडायचं, मधलं फाडता येत नाही.

ही अक्कल मला सुचेताताईंनी दिली. जेसल पार्कला राहतात, टेलिफोन खात्यातून रिटायर झाल्या, माझ्याकडून रोज बारा पोळ्या घेतात. कॉम्प्युटर त्यांनीच बसवून दिला. आपल्या ग्रामस्थ मंडळाच्या खोलीत ठेवलाय, ग्रामदेवतेच्या फोटोखाली. खोली सांभाळणाऱ्या दशरथ भावजींनी जागा दिली.

आता मुद्दा. व्यापाऱ्यांनी ठराव आणलाय. कर्नाटकचा आंबा आपल्या पेटीत मिसळला तरी चालेल, चौकोन तोच, नाव तेच. कर्नाटकचा आंबा वाईट नाही, मी खाल्लाय. पण त्याचं नाव लावून विका ना! तुझं नाव कशाला? नियम बदलायचा तर एकविसातले पंधरा हवेत. सहा जागा बागायतदारांच्या आहेत, त्या विरोधात. चौदा व्यापाऱ्यांच्या, त्यातली एक तुझ्याकडे पेट्या भरायला येणाऱ्या धर्माजी शेठची. आणि एकविसाव्या जागेवर बसलाय त्याचाच मेहुणा. झाले पंधरा. त्याला उठवून आम्ही बसलो तर पंधरा होत नाहीत. पाडव्याला दुपारी बाराला ठरावाची मोजणी.

आम्ही चोविसाव्या नंबरवर आहोत. तुझी मतं मला दे. विचार करत बसू नकोस, तू विचार करायला बसलास की पावसाळा येतो.

तुझी
आनंदी


कातळवाडी
१५ फेब्रुवारी २०२५

चि. आनंदीस, आशीर्वाद.

चहा आधी प्यायलो. सांडला नाय.

तुझं पत्र तुझ्या वहिनीने, वासंतीने, दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा मोठ्याने, दुसऱ्यांदा हसत. चौथी पास बाई कॉम्प्युटर चालवणार म्हणजे शिमग्याच्या सोंगाला यंदा नवीन विषय मिळाला.

आता माझं ऐक. एक तर, चारशे बारा मोहोर तुला दिले तर माझ्याकडे काय राहिलं? तीन साल उन्हात आंबे उतरवायचा झेला घेऊन मी फिरलो, तू नाय. दुसरं, आपल्याला ठाऊक आहे ते माणशी एक मत. मला चारशे बारा आणि चार कलमंवाल्या नाम्याला चार, ही कसली गो निवडणूक? ही सावकारी झाली. तिसरं, एकदा निवडून दिला की पाच वर्षं तो दिसत नाय. तू पण दिसणार नायस. चौथं, वीज गेली की तुझी पाळी कोण लिहिणार? तुझा पोळपाट?

मत कोणाला द्यायचं ते बघू. घाई कसली. यंदा झाडावर मोहोर बरा आहे पण तुडतुडे पडलेत, फवारणी चालू आहे. सोबत कोकम आणि दोन शेर कुळीथ.

तुझा
लवूदादा


गोडदेव
१९ फेब्रुवारी २०२५

लवूदादा,

तुझे चार प्रश्न घेऊन मी तडक सुचेताताईंकडे गेले. पिठाच्या हातांनी. त्या म्हणाल्या, "आनंदी, तुझा भाऊ हुशार आहे, मुद्द्याचे तेच प्रश्न विचारतो." मी म्हटलं, हुशार असता तर प्रश्न विचारण्याआधी मत दिलं असतं.

तर ऐक. मोहोर तुझ्याकडून कुठे जात नाहीत. तुझ्याच नावावर राहतात, तुझ्या बारा गुप्त शब्दांच्या किल्लीशिवाय त्यांना कोणी हात लावू शकत नाही, मी पण नाही. मला मिळतं ते फक्त त्यांचं वजन. तू वजन कोणाच्या पारड्यात ठेवतोस एवढंच. सगळं एकाच्यात ठेव नाहीतर वाटून ठेव.

माणशी एक मत का नाही, यावर मी पण भांडले. सुचेताताईंनी मला विचारलं, "एक माणूस शंभर सिमकार्डं घेईल, शंभर माणसं झाली. ओळखशील कशी?"  पण खोट्या शंभर पेट्या कोणी खऱ्या करून दाखवू शकत नाही, तिथे घाम लागतो. म्हणून ज्याचा घाम जास्त त्याचं वजन जास्त. तरी मला हे पूर्ण पटलेलं नाही, नाम्याबद्दल तू म्हणतोस ते खरं आहे. मोठा बागायतदार बसून राहिला की लहान्यांचं काही चालत नाही. आणि मोठा कोण बसून राहिलाय ते पुढे सांगते.

पाच वर्षं? अरे, पाच मिनिटंही नाहीत! मत कधीही परत घेता येतं. आज दिलं, उद्या मी शेण खाल्लं, परवा काढून घे. रोज मोजणी होते, वरचे एकवीस रोज नव्याने ठरतात. असं आपल्या नगरसेवकांचं असतं तर भाईंदरमध्ये पाणी चोवीस तास आलं असतं.

आणि पाळी. शिमग्याची पालखी आठव. सगळं गाव काही पालखी उचलत नाही. गाव ठरवतं कोण खांदा देणार. एक दमला की दुसरा खाली शिरतो. एखादा पिऊन आला तर त्याला बाजूला करतात आणि काठावर उभा असलेला पुढे येतो, पण पालखी जमिनीला टेकत नाही. तसंच हे. प्रत्येकाला तीन सेकंद. एकवीस त्रिक त्रेसष्ट सेकंदांनी पाळी परत येते. ज्याने पाळी चुकवली त्याचं नाव सगळ्यांना दिसतं. ओळीने शंभर चुकल्या तर यादीतून बाहेर, बाविसावा आत. विजेसाठी इन्व्हर्टर घेतलाय, चार तास चालतो. आम्ही सगळ्याचा विचार केलाय.

आता शेवटचं. या वहीत सगळं उघडं असतं रे दादा. कोणाचं वजन कोणाच्या पारड्यात, कोणीही बघू शकतं. सुचेताताईंनी मला बघायला शिकवलं आणि मी पहिलं नाव तुझं टाकलं. चारशे बारा. दीड वर्षापासून. धर्माजी शेठच्या पारड्यात!

"मत कोणाला द्यायचं ते बघू" म्हणे. लाज वाटत नाही? मी भाईंदर पश्चिमेपासून शांती नगरच्या सेक्टरांपर्यंत पायाचे तुकडे करतेय, आंबे विकणाऱ्या भाभींना म्हणतेय, "भाभी, आपका मोहोर सोया पडा है, जगाओ उसको," आणि माझा सख्खा भाऊ?

अर्ध्याहून जास्त मोहोर असे झोपलेले आहेत, कोणालाच मत नाही. ते बरे. तुझे तर जागे आहेत आणि चुकीच्या खांद्यावर आहेत.

आनंदी


कातळवाडी
२५ फेब्रुवारी २०२५

चि. आनंदीस,

तू पत्र लिहितेस का फवारणी करतेस ते कळत नाय. नाकातोंडात गेलं.

हो, दिलंय मत धर्माजीला. लपवलं नाय, सांगितलं नाय एवढंच. का दिलं ते तुला ठाऊक नाय. दोन वर्षांपूर्वी बागेत वासंतीला फुरसं चावलं. तुला आम्ही फक्त "पायाला लागलं" असं कळवलं होतं, तू धावत आली असतीस आणि तुझ्या पोळ्या बुडाल्या असत्या. त्या दिवशी एसटी बंद, गावात दुसरी गाडी नाय. धर्माजी पेट्या भरायला आलेला. त्याने भरलेला टेम्पो रस्त्यावर रिकामा केला आणि वासंतीला घालून रत्नागिरी गाठली. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर बाई हाताला लागली नसती. त्या दिवशीचा त्याचा माल उन्हात सडला. त्याने मला एक शब्द बोलून दाखवला नाय. पुढे सहा महिन्यांनी म्हणाला, लवूशेठ, तेवढं मत. मी दिलं. तू काय केलं असतंस?

वर, त्याच्या कॉम्प्युटरला वही लिहिण्याचे पाळीमागे जे पैसे मिळतात त्यातले बरेचसे तो मत देणाऱ्यांना वाटतो. मागितल्याशिवाय देतो. तुझा गट काय देणार?

मिसळीच्या ठरावाबद्दल तो म्हणतो, ती फक्त मालाची सोय आहे, नाव बिव तसंच राहील.

शिमग्याला ये. माहेरवाशिणीची ओटी भरायची आहे. बाकी बोलू.

लवूदादा


(ही चिठ्ठी कोकमाच्या पुडीत)

आनंदी वन्सं,
पत्र मी लिहिते म्हणजे मजकूर यांचा आणि हात माझा. ही चिठ्ठी मात्र पूर्ण माझी. चावलं मला, पाय माझा सुजला, आणि उपकार फेडतायत हे! मला कोणी विचारलं नाय. बचत गटाच्या पेट्यांचे माझ्या नावावर अडतीस मोहोर आहेत. वर सड्याच्या माळावर रेंज येते तिथे जाऊन काल ते तुमच्या पारड्यात ठेवले. यांना सांगू नका. वहीत सगळ्यांना दिसतं म्हणता, पण यांना वही उघडता येत नाय.
वासंती


गोडदेव
६ मार्च २०२५

लवूदादा!

बसलो! एकविसाव्या जागेवर बसलो!

आमचे दोन हजार नऊशे सतरा, मेहुण्याचे दोन हजार नऊशे सहा. अकराने! अकरा जणी आणि अकरा मतांनी. काल सकाळी मोजणी झाली. मंडळाच्या खोलीत अकरा जणी दाटीवाटीने, दशरथ भावजी दारात, सुचेताताई खुर्चीवर. पडद्यावर नावांची ओळ वरून खाली सरकत होती. एकोणीस. वीस. आणि मग "गोडदेव महिला आंबा गट", हिरवं. तीन सेकंद. ममता म्हणाली, "झालं? एवढंच?" मी म्हटलं, गप, परत येईल. त्रेसष्ट सेकंदांनी परत आलं. आशाने शिट्टी मारली, पंचावन्न वर्षांची बाई! आमच्या पहिल्या पानात काय होतं माहीत आहे? देवगडच्या कुणाच्या तरी दोन पेट्या, पुण्याला पोचल्याच्या. आम्ही खऱ्या म्हणून लिहिल्या. बाकीच्या वीस जणांनी तपासल्या आणि मान्य केल्या. चौथी पास बाईंच्या गटाने लिहिलं आणि वीस जणांनी मान्य केलं, दादा.

लहानपणापासून आपण पोरी पालखी लांबून बघत आलो. ओटी भरायची, आरती ओवाळायची, पण खांदा द्यायचा बाप्यांनी. काल मला पहिल्यांदा वाटलं, खांद्यावर काहीतरी आलंय.

आता घरी पण फोन भिंतीला टेकवून ठेवते. एक पाळी झाली की पोळी लाटायला घेते, तव्यावरून उतरली की पुढची पाळी. बरोबर मोजून. घड्याळाची गरज उरली नाही.

धर्माजी शेठच्या उपकाराबद्दल वाचलं. मला न सांगितल्याचा राग वेगळा, तो शिमग्याला काढीन. त्याने केलं ते मोठं केलं, मी त्याला हात जोडीन. पण वाटपाचं विचारतोस म्हणून सांगते. आम्ही निम्मं वाटतो, निम्म्यात वीज आणि कॉम्प्युटर. जो जवळजवळ सगळंच वाटतो, त्याचा खर्च कुठून निघतो, हे तू कधी त्याला विचारलंस?

अकरा तारखेला शिवाच्या गाडीने सगळ्याच निघतोय.

आनंदी


गोडदेव
१९ मार्च २०२५

लवूदादा,

हे पत्र लिहायला बसायला मला एक दिवस लागला.

पालखी बसते त्या सहाणेवर तू सगळ्यांसमोर म्हणालास, बायकांचा खांदा कोवळा असतो. मी तुझा निरोपही न घेता गाडीत बसले. काल इथे पोचलो तर तुझं खरं ठरलेलं होतं.

कॉम्प्युटर बंद. सात दिवस.

तुला आठवतं, मंडळाच्या खोलीत इस्त्री चालू राहून आग लागली होती? तेव्हापासूनचा नियम आहे, शिमग्याला जो शेवटी खोलीतून निघेल त्याने मेन स्विच खाली करायचा. अकरा तारखेला शेवटी निघाले दशरथ भावजी. त्यांनी केला. मी काल त्यांच्या अंगावर गेले तर छाती काढून म्हणाले, "पस्तीस वर्षं करतोय वहिनी, एकदाही विसरलो नाही!"  त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आम्ही वीज जाण्याचा विचार केला, वीज आपणच घालवू याचा नाही केला. इन्व्हर्टर बिचारा चार तास लढला. मग पावणेदोन तासांत शंभर पाळ्या चुकल्या आणि आम्ही यादीबाहेर. सुचेताताई लेकीकडे नाशिकला होत्या, त्यांनी मला वीस फोन केले. मी कातळवाडीत, रेंज सड्यावर, आणि मी ढोलासमोर.

सगळ्यात वाईट काय वाटलं सांगू? वही एक सेकंद थांबली नाही. बाविसावा मेहुणा मुकाट दांड्याखाली शिरला आणि पालखी पुढे गेली. आम्ही नव्हतो हे कोणाला जाणवलंही नाही.

प्रत्येक उमेदवाराचं तिथे एक पान असतं, काही झालं तर खुलासा लिहायचा. सुचेताताई म्हणाल्या, "तांत्रिक अडचण लिही, सगळे तेच लिहितात." मला नाही जमलं. मी लिहिलं, आम्ही सगळ्या शिमग्याला गेलो आणि आमच्याच खोलीचा मेन स्विच आमच्याच माणसाने बंद केला. त्याला सांगायचं मी विसरले. चूक माझी, आनंदी. लोक हसले. तीनशे एक्कावन्न मतं काढून घेतली. काढणारच, मी असते तर मी पण काढली असती. कॉम्प्युटर चालू आहे, रांगेत परत उभे आहोत, पण मेहुण्यापेक्षा तीनशे चाळीसने मागे. पाडव्याला अकरा दिवस.

मागच्या पत्रांत मी तुझ्याकडे मत मागत होते. आता मागत नाही. मागायला तोंड नाही. फक्त एक कर. धर्माजी शेठकडे जा आणि त्याला स्वतः विचार, हा ठराव झाला की पेटीवर कोणाचं नाव असेल. मी सांगून नको, तू विचारून घे.

आनंदी


कातळवाडी
२५ मार्च २०२५

चि. आनंदीस, आशीर्वाद.

हे पत्र वासंतीने लिहायला घेतलं आणि पहिल्या ओळीआधीच कबूल केलं की अडतीस मोहोर तुझ्याकडे आहेत. म्हटलं, बरं केलंस. तिला वाटलं मला ऐकू आलं नाय, म्हणून तिने परत सांगितलं.

परवा धर्माजी बागेत आला होता. फळं बघून खूष. मी म्हटलं, शेठ, मिसळीची पेटी झाली की वर नाव कोणाचं? म्हणाला, "तुमचंच की लवूशेठ! तुमच्या नावाला भाव आहे. आत चार डझनांत दोन डझन तुमचे असले तरी बास." हसून म्हणाला. त्याला त्यात वाईट काय ते कळलंच नाय. मी देठासकट आंबा काढतो, चीक अंगावर घेतो, एक फळ पडलं तर रात्रभर मनात राहतं, आणि माझ्या नावाच्या पेटीत मी न बघितलेलं फळ जाणार. गिऱ्हाईक नाक मुरडणार ते लवूला.

मग मी दुसरं विचारलं. तुझा कॉम्प्युटर कधी बंद पडला काय रे? म्हणाला, कधीच नाय, देवाशपथ. तो गेल्यावर वासंतीने मला सड्यावर नेलं आणि फोनवर वही उघडून दाखवली. गेल्या पावसाळ्यात त्याच्या नावापुढे चारशे चुकलेल्या पाळ्या, ओळीने नाय, तुकड्यातुकड्याने, म्हणून यादीत टिकला. खुलासा, तांत्रिक अडचण. त्याच फोनवर तुझं पान पण वाचलं. मेन स्विचचं. सड्यावर उभा राहून एकटाच हसलो, आणि मग हसू थांबलं. सगळ्या गावासमोर आपलं नाक आपणच कापून ठेवणारी तू एकटीच असशील त्या एकविसांत.

आणि स्विच बंद करणारा बाप्याच होता ना? मग कोवळा खांदा कोणाचा ते बघायला लागेल. सहाणेवर बोललो ते मागे घेतो. लिहून देतो म्हणजे तुझ्याकडे पुरावा राहील.

उपकार वेगळा, खांदा वेगळा. धर्माजीला दर वर्षी पहिली पेटी माझ्या हाताने नेऊन देईन, मरेपर्यंत. पण पालखी कोणाच्या खांद्यावर द्यायची ते उपकार बघून ठरत नाय, पाय टिकतो काय ते बघून ठरतं. उद्या त्याच्या घरी जाऊन तोंडावर सांगणार, आणि परवा सड्यावर जाऊन मतं फिरवणार. सगळी चारशे बारा तुला.

पण फुकट नाय. एक, कॉम्प्युटर दोन असायला हवेत, एक गोडदेवात आणि एक सुचेताबाईंकडे, एक झोपला की दुसरा उठेल. दोन, शिमगा असो की गणपती, अकरा जणींतली एक तरी भाईंदरात राहील, पाळी लावा. तीन, पुन्हा बंद पडलीस तर त्याच मिनिटाला मतं काढून घेईन. बहीण बघणार नाय.

लवूदादा


गोडदेव
३१ मार्च २०२५

तीर्थरूप लवूदादास,

पडला! ठराव पडला! चौदा विरुद्ध सात! पंधरा हवे होते, चौदाच झाले!

क्रमाने सांगते, नाहीतर माझंच मला कळणार नाही. तुझं पत्र मिळालं त्या दिवसापासून मी वहीला चिकटले. सत्तावीस तारखेला सकाळपासून तुझं नाव उघडून बसले. दहा वाजले, काही नाही. अकरा. जेसल पार्कच्या पोळ्या ममताने लाटल्या, माझ्या हातून गोल होईनात. मनात म्हटलं, बसला विचार करायला, आता पावसाळा येतो. आणि दोनच्या सुमाराला आकडा हलला. दोन हजार नऊशे सत्त्याहत्तर! मेहुणा दोन हजार नऊशे सहावरच. दुसऱ्या दिवशीच्या मोजणीत आम्ही परत एकविसावे, एकाहत्तरने पुढे.

मग माझ्या लक्षात आलं. मतं काढून घेतल्यावर आमचे दोन हजार पाचशे सहासष्ट उरले होते. त्यात चारशे बारा घातले तर शेवटी अठ्ठ्याहत्तर यायला हवेत. एक कमी. सुचेताताई म्हणाल्या, "बोट चुकलं असेल त्यांचं." मी तुझं नाव परत उघडलं. चारशे अकरा माझ्याकडे. एक धर्माजी शेठच्या पारड्यात.

माझं डोकं फिरलं. पत्रात "सगळी चारशे बारा तुला" आणि इकडे हे! कागद घेतला, "दादा, तू" एवढं लिहिलं आणि तव्यावरची पोळी जळाली. दुसरी लाटली. तिसरी लाटताना हात थांबला.

तो एक वहिनीच्या पायाचा ना?

राहू दे. काढू नकोस. कधीच काढू नकोस. मला विचारशील तर मला न सांगता ठेवलास हे पण बरोबर. मी माझ्या शहाण्णवातला एक त्याच्या पारड्यात काल ठेवलाय. त्याच्या मेहुण्याला हरवून! बघ वहीत, दिसेल. ममता म्हणते, मला वेड लागलं. लागू दे.

पाडव्याला बाराला सगळ्या खोलीत होतो. गुढी दारात, कडुनिंब तोंडात. बटण मी दाबलं, "विरोध". बाकी सहा बागायतदारांचं आधीच झालं होतं, आमचं सातवं. पडद्यावर लाल अक्षरात आलं, ठराव नामंजूर. दशरथ भावजी सगळ्यात मोठ्याने ओरडले. मग गंभीर होऊन मेन स्विचकडे गेले. आम्ही अकरा जणी एकदम किंचाळलो. ते म्हणाले, "अहो, पाटी लावतोय!" स्वतः रंगवून आणली होती. "हा स्विच खाली करणाऱ्याने आधी आनंदीवहिनींना भेटावे."

तुझ्या तिन्ही अटी मान्य. दुसरा कॉम्प्युटर सुचेताताईंच्या देव्हाऱ्याशेजारी बसला. पुढच्या शिमग्याला इथे राहायची पहिली पाळी माझी, चिठ्ठी टाकली नाही, मीच घेतली. तुम्ही तिकडे पालखी नाचवा. मी इथे खोलीत बसून माझी सांभाळीन. फक्त ओटीचं सामान शिवाबरोबर पाठव, आणि नारळ चांगला बघ, गेल्या वर्षीचा नासका होता.

पहिली पेटी धर्माजी शेठला, ठीक आहे. दुसरी मला. तिच्यावर तुझं नाव, आत सगळे तुझेच. आल्या आल्या मी फोन धरणार आहे तिच्यावर.

पुरे, पाळी आली.

तुझी
आनंदी